आतून लावलेली कडी

चिंचेवाडी, रहिमतपूरजवळ
ता. ११ डिसेंबर

रेश्मास,

आशीर्वाद. नावाच्या आधी काय लिहायचं ते सुचलं नाही, म्हणून नुसतं नाव लिहिलं. ऋषिराज होता तेव्हा तू चुलत्याकडं गेलीस की मी ‘चि. सौ.’ लिहून पत्र धाडायचो. तो गेल्यावर ‘चि.’ एवढंच राहिलं. आता तू परत सौभाग्यवती झालीस, पण माझ्या हाताला ते अक्षर वळत नाही. राग मानायचा तर मान.

इकडं सर्व ठीक. शाळू पोटऱ्यात आला आहे. म्हैस दूध देते. माझ्या उजव्या डोळ्याला धूर दिसतो, तो आता दाट झाला. डाव्यानं भागतं.

परवा तू भामाबाईच्या फोनवर बोललीस. ती शेजारीण, फोन तिचा, त्यामुळं ती कान लावून शेजारीच उभी. मी ‘बघू’ म्हणून फोन परत दिला. मला फोनवर भांडता येत नाही. राग आला की शब्द अडकतात, आणि पलीकडचं माणूस हॅलो हॅलो करत बसतं. कागद हॅलो म्हणत नाही. सातवी नापास माणसाला तेवढं बरं पडतं.

तू म्हणालीस, “मामा, पहिलं बाळंतपण माहेरात करत्यात. मला माहेर न्हाई. मी तुमच्याकडं येऊ का?”

अगं, काय बोलतेस ते कळतं का तुला? तुझी आई लहानपणी गेली, मग बाप गेला, चुलत्यानं वाढवलं आणि तू दुसरं लगीन केल्यावर त्यानं दार लावून घेतलं, हे सगळं मला ठाऊक आहे. चुलता तुझा नालायक आहे. पण म्हणून सासरालाच माहेर म्हणायचं? या उंबऱ्यावरचं माप ओलांडून तू आलीस ती सून म्हणून. शालूनं तुला ओवाळलं ते सून म्हणून. शालू, तुझी सासू, आज असती तर तिनं कपाळावर हात मारला असता. नाहीतर तुला घेऊन आली असती. तिचं काही सांगता येत नव्हतं. ती नाही, म्हणून मी सांगतो.

लेकीला बाळंतपणाला आणायला माहेरचा माणूस जातो, मुऱ्हाळी होऊन. सातव्या महिन्यात जातो, कारण आठवा लागला की गाडीत बसवत नाहीत. ही रीत तुला मी शिकवायची का? मी कुठल्या तोंडानं सांगलीला मुऱ्हाळी होऊन येऊ? त्या माणसाच्या दारात उभं राहून काय सांगू? की माझ्या पोराची बायको ही माझी लेक आहे, तिला तुमच्या पोरासकट माझ्याकडं पाठवा?

भावकी तर टपूनच आहे. बाळासो माझा चुलतपुतण्या, पण जिभेला हाड नाही. ऐकलं तर गावभर जीप फिरवून सांगेल.

तेव्हा माझं उत्तर नाही असं आहे. जड उचलू नकोस. वरच्या मजल्यावर राहता असं भामाबाई म्हणाली, जिना धरून उतरत जा. डोळ्याचं ऑपरेशन साताऱ्याला सांगितलं आहे, ते माझं मी बघेन. कुणी येऊ नये.

आकाराम


चिंचेवाडी
ता. १९ जानेवारी

चि. रेश्मास,

आशीर्वाद. मी लिहिलं होतं, कुणी येऊ नये. तुला वाचता येतं ना?

साताऱ्याच्या दवाखान्यात मी पोचायच्या आधी तुझा तो माणूस बाकावर येऊन बसला होता. मांडीवर डबा, शेजारी पिशवी. तारीख त्याला कुणी सांगितली ते मला न सांगता कळलं. भामाबाईशी मी आठवडाभर बोललो नाही. तिची भाकरी खाल्ली, पण बोललो नाही.

नर्सबाईनं विचारलं, पेशंटचे कोण? तो म्हणाला, “मामा हायत माझे.” बाई म्हणाली, भाचा गुणाचा आहे तुमचा. मी तिथंच सांगणार होतो की हा माझा कुणी लागत नाही. पण तेवढ्यात आत घेतलं. बाहेर आल्यावर त्याला बजावलं, मला मामा म्हणायचं नाही. ‘व्हय की ओ, मामा’ म्हणाला. जतकडची माणसं सगळ्यालाच ‘व्हय की ओ’ म्हणतात काय?

ऑपरेशन झालं. वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही. काळा चष्मा. आणि थेंब. उठल्यापासून निजेपर्यंत थेंब. एक झाला की दुसरा. मला वाटलं घरी सोडून जाईल. तर म्हणतो, थेंब संपेस्तोवर राहतो. सांगलीत हळदीचा हंगाम तोंडावर आहे, पॉलिशच्या गिरणीत माणसं कमी पडतात, हे त्यानंच सांगितलं. मग जा ना. कोणी अडवलंय?

मी त्याला आत घेतलेलं नाही हे तुला आधीच कळवतो, मागून बोलणं नको. तो गोठ्यात झोपतो. जेवण भामाबाई देते, तो कट्ट्यावर बसून जेवतो. भामाबाई मला म्हणाली, “आवं दादा, कुत्र्याला तरी उंबऱ्यात घेता की.” मी म्हणालो, कुत्रा माझा आहे.

थेंब पण कट्ट्यावरच. मी खुर्चीत तोंड वर करून बसतो. तो बाटली घेऊन वरून वाकतो. हळदीनं त्याची बोटं नखापर्यंत पिवळी झालेली आहेत, कितीही धुतली तरी जात नाहीत. ती बोटं डोळ्याजवळ आली की माझा डोळा आपोआप मिटतो. तो थांबतो. मी उघडतो, परत मिटतो. तो थांबतोच. हात हलत नाही. एकदा तरी वैतागावं की माणसानं. चिडला असता तर मी हाकलून दिला असता. चिडत नाही त्या माणसाचं काय करायचं?

म्हशीचं तर विचारू नकोस. माझ्याशिवाय कुणाला सडाला हात लावू देत नव्हती. भामाबाईला तिनं दोनदा बादलीसकट लोळवलं होतं. या बाबानं पहिल्या दिवशी पाठीवर थाप दिली, काहीतरी पुटपुटला आणि बसला. चरवी भरली. मी काळ्या चष्म्यातून बघत होतो. म्हशीच्या जातीला इमान नसतं.

आता राग निघालाच आहे तर एक लिहून टाकतो. तू घर सोडून गेलीस, असं मी गावात सगळ्यांना सांगतो. ते खरं नाही. लगीन कर, असं मीच तुला म्हणालो होतो. ऋषीला जाऊन दोन वर्षं झाली होती, भावकी बसली होती, आणि बाळासो म्हणाला, पोरीला किती दिवस डांबून ठेवणार? मला संताप आला. सगळ्यांसमोर म्हणालो, रेश्मा, तू लगीन कर, माझी परवानगी आहे. त्यांना दाखवायला म्हणालो. मला वाटलं तू पाया पडशील आणि म्हणशील, न्हाई मामा, मी हितंच राहणार.

तू पाया पडलीस आणि ‘बरं’ म्हणालीस.

म्हणजे लगेच ऐकायचं होतं का?

आणखी एक. डिसेंबरच्या माझ्या पत्रानंतर तू बाळंतपणाचा विषय परत काढलेला नाहीस. माझा डोळा विचारतेस, म्हैस विचारतेस. एक शब्द नाही. त्याचाच मला जास्त राग आहे.

आकाराम


चिंचेवाडी
ता. १२ फेब्रुवारी

चि. रेश्मास,

आशीर्वाद. ओळी वाकड्या आल्या तर समजून घे. हा कागद तुला मिळेपर्यंत तुझा माणूस तुझ्याकडं पोचलेला असेल. त्यानं तुला काय सांगितलं ते मला माहीत नाही. सगळं सांगणार नाही याची खात्री आहे. म्हणून मी सांगतो.

त्या दिवशी सकाळी बाळासो आला. कट्ट्यावर थेंब घालणं चाललं होतं. जीप थांबवून आतूनच म्हणाला, “तात्या, घरजावई ठेवला व्हय रं? का सुनंबरोबर फुकटात मिळाला?” पलीकडं नळावर बाया होत्या. हसल्या. तुझा माणूस पण हसला, साधं, लोकांबरोबर हसतात तसं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. बाळासोला काही बोललो नाही. बाळासो भावकी आहे. बोललो याला. उद्या सांगलीला चालता हो, माझे थेंब माझे मी घालीन, तुझी पिवळी बोटं नकोत मला. नळावर बाया होत्या तोवर बोलत होतो, त्या गेल्यावर पण बोललो.

मग आत गेलो आणि कडी लावली. भर दुपारी. या घराला दिवसा कडी लागल्याचं तुला तरी आठवतं का?

देवळीत बाटल्या असतात. कानासाठी मागं आणलेली पण तिथंच होती. तेवढीच बाटली, तेवढंच निळं टोपण. थेंबाची वेळ झाली. मी खाटेवर बसून तोंड वर केलं आणि आपल्या हातानं थेंब घातला. अगदी बरोबर पडला. मनात म्हणालो, बघ, काय अडलं?

मग डोळ्यात निखारा ठेवल्यासारखं झालं.

मी ओरडलो. काय ओरडलो ते मला माहीत नाही. तो गोठ्यातून धावत आला, दारावर थापा मारायला लागला. दुसऱ्या डोळ्याला पण पाणी लागलं, काही दिसेना. भिंत चाचपत दारापर्यंत गेलो. कडी हाताला लागली. आणि रेश्मा, मी कडी धरून उभा राहिलो. डोळा जळत होता आणि मी उभा.

बाहेरून तो म्हणाला, “मामा, कडी काढा. मी आत येत न्हाई. नुसती कडी काढा आन् बाटली भाईर द्या, कसली हाय ते बघतो.”

हे वाक्य मला चाबकासारखं लागलं. दाराआड म्हातारा किंचाळतो आहे, आणि हा मला वचन देतो आहे की मी उंबरा ओलांडणार नाही. कुणी केलं त्याला असं? मीच ना?

कडी का काढत नव्हतो ते पण लिहितो. उद्या तोंडावर विचारलंस तर मी नाही म्हणेन. या दारातून शालू गेली. ऋषी सुट्टीवर आला होता, कऱ्हाडला मित्राकडं जाऊन येतो म्हणून मोटारसायकल काढली, तो याच दारातून गेला. तू गेलीस. मी ठरवलं होतं, आता बास. आत कुणी नसलं की जायला पण कुणी नसतं.

कडी काढली. त्याला हाताला धरून मीच आत ओढला. त्यानं मला ऋषीच्या खाटेवर पाडलं, उकळून गार केलेलं पाणी तांब्यानं डोळ्यात सोडत राहिला, खांद्यानं कानाला फोन दाबून दवाखान्याशी बोलत राहिला. एका हातानं माझी पापणी धरली होती. त्या वेळेला माझा डोळा मिटला नाही. मिटवायची ताकद नव्हती म्हण पाहिजे तर.

बाळासोची जीप आणली. बाळासोनं नाही म्हटलं नाही, गाडी पण धड चालवली. जिहे-कठापुराच्या पुढं गेल्यावर त्याला राहवलं नाही. “तात्या, कानातलं डोळ्यात घातलंस, आता डोळ्यातलं कानात घाल, म्हंजे समोरचं ऐकू तरी येईल.” मला त्या अवस्थेत पण हसू आलं, आणि हसू आलं म्हणून परत राग आला.

डॉक्टर नुसता पेटला होता. माझ्यावर नाही, याच्यावर. म्हातारं माणूस आहे, तुम्ही कशाला राहिला होता तिथं, बाटली हातात जातेच कशी, डोळा गेला असता म्हणजे? तुझा माणूस खाली मान घालून म्हणाला, “चुकलं माझं.”

मी बाकावर बसलो होतो. दोन हात अंतरावर. मला तोंड होतं. मी म्हणू शकत होतो की डॉक्टर, मी कडी लावून घेतली होती. म्हणालो नाही. हे तो तुला सांगणार नाही.

डोळा वाचला. बुबुळ भाजलं होतं, ते भरून आलं. त्या दिवसापासून तो आत झोपला. ऋषीच्या खाटेवर नाही, खाली चटईवर. मी खाटेवर झोप म्हणालो नाही, त्यानं विचारलं नाही. जाताना पाया पडला. मी आशीर्वाद दिला की नाही ते आठवत नाही. बहुतेक हात वर केला होता.

आकाराम


चिंचेवाडी
ता. ६ मार्च

चि. सौ. रेश्मास,

अनेक उत्तम आशीर्वाद. वर काय लिहिलं आहे ते दिसलं असेल. परत परत वाचत बसू नकोस.

डोळा आता चांगला आहे. नको इतका चांगला आहे. पट्टी आणि चष्मा गेल्यावर घराकडं बघितलं, तर आढ्याला कोळिष्टकं, चुलीमागची भिंत काळी ठिक्कर, आणि म्हशीच्या कपाळावर पांढरा ठिपका आहे हे मी विसरूनच गेलो होतो. एवढ्या घाणीत मी राहत होतो आणि भामाबाई रोज येऊन एका शब्दानं बोलली नाही. तिला विचारलं तर म्हणाली, “तुमाला सांगून कुणी शिव्या खायच्या?”

ऋषीच्या फोटोजवळ गेलो. हनुवटीवर खोक पडली होती ना लहानपणी, विहिरीच्या कठड्यावर आपटून, ती दिसली. मला वाटायचं ती डाव्या बाजूला होती. उजव्या बाजूला आहे. कधीपासून मी त्याचं तोंड चुकीचं आठवत होतो, कोण जाणे. मग फडक्यानं काच पुसली आणि त्याला पण चार शब्द सुनावले. सुट्टीत घरी बसवत नव्हतं याला.

तू अजून विषय काढलेला नाहीस. मोठी मानी आहेस. म्हणून मलाच काढावा लागतो आहे, आणि याचा राग मी मरेपर्यंत विसरणार नाही.

तुला सातवा लागला आहे. आठवा लागायच्या आत निघालं पाहिजे. मी येत्या गुरुवारी सांगलीला येतो. रहिमतपूरला सकाळच्या पॅसेंजरला बसेन. भामाबाईची जाऊ सांगलीत असते, ती स्टेशनवरून तुमच्या गल्लीपर्यंत आणून सोडेल. तुझ्या जयराजनं स्टेशनवर येऊ नये. त्यानं तुला इकडं आणून सोडायचं पण नाही, तशी रीत नाही. माहेरचा माणूस नेतो. जावयानं माहेरच्या माणसाला पायावर पाणी द्यायचं आणि घरात घ्यायचं, एवढंच त्याचं काम. ते त्याला जमेल असं वाटतं.

घर सारवून घेतलं आहे. मधल्या खोलीत तुझी खाट टाकली आहे, उजेडाच्या बाजूला. साताऱ्याच्या दवाखान्यात नाव घालायला भामाबाई तुला घेऊन जाईल. बाळासोची जीप रात्री-अपरात्री पण दारात उभी राहील, असं मी त्याच्याकडून वदवून घेतलं आहे. तो म्हणाला, “तात्या, पोराचं नातं मग काय लावायचं?” मी म्हणालो, “तुला काय लावायचं ते लाव. जीपमध्ये डिझेल ठेव.”

माळ्यावरून पाळणा काढला. त्याची दोरी कुजली होती, नवीन घातली. तू ऋषीची बायको होऊन आल्यावर शालू वर्षभर तो पुसून ठेवायची, मी वर बघत नव्हतो, पण तिथं आहे हे ठाऊक असायचं. ते मूल आता येणार नाही. दुसरं येतं आहे. ते कुणासारखं दिसेल, असं मी रोज सकाळी उठल्यावर स्वतःशी भांडतो. भांडू दे मला. पाळण्याची दोरी मात्र मी ओढून बघितली आहे, स्वतः लोंबकळून. भामाबाई बघत होती, हसून हसून खाली बसली.

जयराजला सांग, हळदीचा हंगाम संपला की त्यानं यायचं. दारात उभं राहून हाक मारायची नाही, मी ओ देणार नाही. सरळ आत यायचं. खाट रिकामी आहे. आणि डॉक्टरला मी कळवलं आहे. परवा डोळा दाखवायला गेलो तेव्हा सांगितलं की चूक माझी होती, कडी मी लावली होती. डॉक्टरला काही आठवत नव्हतं. मला आठवत होतं, म्हणून सांगितलं.

आता शेवटचं. डिसेंबरात मी नाही म्हणालो होतो. तू मनाला लावून घेतलं असशील. तुझ्या जागी मी असतो तर दार उघडलं नसतं, हे मी तुला खरं सांगतो. तुला उघडायचं नसलं तर उघडू नकोस. आतून ‘जावा’ म्हणून सांगण्याची पण गरज नाही. मी बाहेर पायरीवर बसेन. भाकरी बांधून आणतो आहे. परतीची गाडी संध्याकाळी आहे, तोपर्यंत बसेन. तुझ्या माणसानं माझ्या दारात किती दिवस काढले ते मी बघितलं आहे, मला एक दिवस जड जाणार नाही.

जिना मात्र धरून उतर.

तुझा मुऱ्हाळी,
आकाराम